‘एजंटगिरी’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, क्रिटिकल इलनेस विम्यावरच्या (ठरावीक मोठे आजार झाले तर एकरकमी पैसे देणारी पॉलिसी) माझ्या लेखाखाली तुम्ही कमेंटमध्ये लिहिलं की "अर्धवट माहिती देऊन लोकांना घाबरवता, ही एजंटगिरी आहे, माझ्या अँजिओप्लास्टीचे पैसे मेडिक्लेममधून पूर्ण मिळाले", आणि खाली सर्व्हायव्हल पिरियडची चूक दाखवली.

सर्व्हायव्हल पिरियड (आजार कळल्यावर पैसे मिळायला रुग्ण जितके दिवस जगला पाहिजे तो काळ) सगळीकडे 30 दिवसांचा असतो असं मी लिहिलं होतं, काही पॉलिसीत तो कमी असतो, हे तुमचं बरोबर. दुरुस्त केलं.

पण एजंट? मी आजवर कोणालाच पॉलिसी विकली नाही, कमिशनचा एक रुपया घेतला नाही, आणि विचारलं असतं तर सांगितलंही असतं, पण तुम्ही विचारायच्या आधीच शिक्का मारून मोकळे झाले. ही काय बोलायची पद्धत झाली?

मी हे काहून लिहून राहिलो ते ऐका. 2018 मध्ये बाबांना नागपूरच्या महाल भागातल्या घराचा जिना चढताना दम लागायला लागला, धंतोलीत अँजिओग्राफी केली तर दोन ब्लॉकेज, लगेच अँजिओप्लास्टी करून दोन स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या) बसवले. मेडिक्लेमनं बिल दिलं. त्यांची 5 लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसीपण होती, तिथून मात्र पत्र आलं की क्लेम बसत नाही, कारण पॉलिसीतल्या आजारांच्या यादीत छाती उघडून केलेली बायपास होती आणि अँजिओप्लास्टी त्यातून वगळलेली. हार्ट अटॅक यादीत होता, पण बाबांना अटॅक आलाच नव्हता, ट्रोपोनिन (अटॅक ओळखायची रक्ततपासणी) नॉर्मल. आई ते पत्र घेऊन बसली आणि "हप्ते तर सगळे भरले ना आपण?" एवढंच विचारत राहिली. आता सांगा, कोण कोणाला घाबरवते?

तुम्हाला मिळाले ते मेडिक्लेमचे, तुम्हीच लिहिलं. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भरतो. क्रिटिकल इलनेसला बिलाशी घेणं नाही, आजार पॉलिसीतल्या व्याख्येत बसला तर ठरलेली रक्कम एकदम मिळते, नाही बसला तर काहीच नाही, आणि मोठ्या आजारांच्या या व्याख्या विमा नियामक आयआरडीएआयनं ठरवून दिलेल्या आहेत. कॅन्सर त्यात बसतो, पण अगदी सुरुवातीचा, अजून न पसरलेला कॅन्सर बसत नाही. स्ट्रोक बसतो, पण त्याचा परिणाम कमीत कमी 3 महिने टिकला पाहिजे. काही कंपन्या अँजिओप्लास्टीला मर्यादित रक्कम देतात, ते लेखात होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.



तुमच्याकडे क्रिटिकल इलनेस पॉलिसी असेल तर व्याख्यांचं पान काढून वाचा, आणि तो ‘एजंटगिरी’ शब्द तेवढा कमेंटमधून काढा.