"ताई, अभ्यास करून लिहा": कामार्गच्या घोड्यांवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फ्रान्सच्या कामार्गमधल्या घोड्यांवरचा माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. पण "ताई, जरा अभ्यास करून लिहीत जा" ही सुरुवात खटकली. मतभेद असावेत, पण समोरच्याला काही कळतच नाही असं धरून बोलायचं कारण काय? लेखाशी वाद घाला, माझी शिकवणी कशाला?

तुमचं मुख्य वाक्य असं: "मालकाची, डाग दिलेली, खोगीर घातलेली जनावरं ही, त्यांना अर्धरानटी म्हणणं म्हणजे वाचकांची शुद्ध फसवणूक."

फसवणूक! अहो, मी लपवलं काय? कामार्ग म्हणजे ऱ्होन नदीचा त्रिभुज प्रदेश; तिथले घोडेस्वार गुराखी, म्हणजे गार्दियां, लेखात आहेत. ते याच घोड्यांवर बसून काळे बैल हाकतात, हे आहे. एकेका मालकाचा कळप, 'मनाद', आहे. वर्षाच्या शिंगराला डाग देतात हेही आहे. तुम्ही पहिल्या परिच्छेदानंतर वाचलंत की नाही, अशी शंका येते.

मालक आहे म्हणून जनावराचं जगणं पागेतलं होत नाही. कामार्गची घोडी उघड्या माळावर विते, माणूस जवळ नसताना. शिंगरू काळं किंवा गडद तपकिरी जन्मतं आणि पांढरं व्हायला त्याला चार-पाच वर्षं लागतात. उत्तरेकडून मिस्त्राल वारा सुटतो तेव्हाही कळप उघड्यावरच असतो. उन्हाळ्यात चावऱ्या माश्या उठल्या की घोडे एकमेकांना खेटून उभे राहतात. संशोधक पॅट्रिक डंकन यांनी तिथेच निरीक्षणं करून दाखवलं, की घोळका मोठा असेल तर प्रत्येक घोड्याच्या वाट्याला माश्या कमी येतात. ही युक्ती त्यांना कुठल्या मालकाने शिकवली? लुक हॉफमन यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या 'तूर दु वाला' या संशोधन केंद्राने तर १९७४ पासून एक कळप मोकळा सोडून त्याचा अभ्यास केला.

अभ्यासाचंच म्हणाल तर माझे आजोबा टांगेवाले होते. खरारा करणं, तोबरा बांधणं हे मी शाळेत जायच्या आधीपासून केलंय. घोडा पावसात भिजला तर आजोबांना झोप लागत नसे, कारण त्याचं सगळं आमच्या हातावर होतं. पाळीव घोडा म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. कामार्गमधल्या व्हाकारेस तळ्याच्या काठाला मी स्वतः उभी राहिले आहे. एक घोडी पोटापर्यंत पाण्यात, तोंड डोळ्यांपर्यंत बुडवून पाण्याखालचं गवत उपटत होती. मान वर आली की आयाळीतून चिखल निथळायचा. तिचे रुंद, कडक खूर बिननालेचे. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आजोबांचा घोडा माझी चाहूल लागली तरी खिंकाळायचा. हा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय, तुम्ही पाहिलाय का?

एक मान्य. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेली भातशेती आणि तिथल्या एग-मोर्त गावची मिठागरं यांवर मी दोन ओळी लिहायला हव्या होत्या. भातासाठी ऱ्होनचं गोडं पाणी आत आलं आणि खाऱ्या दलदलीचा तोल बदलला. हा मुद्दा रास्त आहे, पुढच्या लेखात घेईन.

बाकीच्याला फार वेळ देत नाही. फ्रान्समधल्याच सोल्युत्रे इथे ज्यांची हाडं सापडली, त्या प्रागैतिहासिक घोड्यांशी कामार्गच्या घोड्यांचं नातं "काही जण मानतात" असंच मी लिहिलंय, पुन्हा वाचा. पाण्यातून उधळणारे घोडे छायाचित्रकारांसाठी मुद्दाम पळवले जातात हे मलाही ठाऊक आहे. माझ्या लेखात तसं एकही छायाचित्र नाही. आणि वंशाची अधिकृत नोंदवही १९७८ ची, म्हणून "प्राचीन कसला?" हा तर्क मला समजलाच नाही. गार्दियांची सेंट जॉर्जच्या नावाची बंधुसंस्थाच १५१२ ची आहे. नोंदवही नव्हती तेव्हा ते काय पायी गुरं राखत होते?

पुढेही जरूर लिहा, चुका दाखवा. फक्त 'फसवणूक' हा शब्द आधी मागे घ्या.