मेनूकार्ड कसे लिहावे: नव्या हॉटेलमालकांसाठी काही सूचना

पुण्यात हॉटेल काढण्याचा आपला विचार पक्का झाला असेल, तर आचारी नंतर शोधला तरी चालेल. आधी मेनूकार्ड लिहिणारा माणूस गाठावा. पदार्थ रोज करावा लागतो, विशेषण मात्र एकदाच छापावे लागते.

भाजीवर लाल तेलाचा तवंग आणला की ती ‘कोल्हापुरी’ होते आणि तिच्यात पालक वाटून घातला की ‘हैदराबादी’. कोल्हापूरच्या पाहुण्यांना हे कार्ड दाखवू नये.

आमरस ऑगस्टातही ‘अस्सल रत्नागिरी हापूस’ याच नावाने विकावा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांपुरते आहे, असे एखादे गिऱ्हाईक सांगू लागल्यास त्याला आणखी एक पुरी वाढावी.

‘घरगुती’ हा शब्द कोठेही चालतो. कोणाच्या घरचे, हे कोणी विचारत नाही.

खरी कमाई मात्र ‘चुलीवरची’ या एका शब्दात आहे. गेल्या रविवारी सिंहगड रस्त्यावरच्या एका हॉटेलात, वहीत नाव लिहून पाऊण तास ताटकळल्यावर, आम्ही दोन साध्या मिसळी ११० रुपयांच्या आणि दोन चुलीवरच्या १६० रुपयांच्या मागवल्या. दारातच सारवल्यासारखी रंगवलेली एक चूल होती, तिच्यात लाल दिवा होता आणि छोट्या पंख्याच्या वाऱ्यावर नारिंगी कापडाची ज्वाळा फडफडत होती. चारही मिसळी एकाच मुलाने एकाच ट्रेमधून आणल्या. कट तोच, फरसाण तेच, फक्त चुलीवरच्या मिसळीला मातीचे वाडगे होते. चूल कोठे आहे असे मी व्यवस्थापकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मागे आहे, काका.” मी उठून मागे गेलो, तर तेथे निळ्या ज्योतीच्या तीन शेगड्या आणि भिंतीशी ओळीने उभे केलेले सिलिंडर! परत येऊन हे सांगितल्यावर त्यांनी अत्यंत शांतपणे उत्तर दिले, “काका, चुलीवरची म्हणजे ती एक चव असते.” त्यावर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “मग पैसेही चवीपुरतेच देऊ.” पलीकडच्या बाईंना मात्र त्यांच्या वाडग्यात धुराचा वास स्पष्ट आला होता, आणि बाहेर ताटकळणाऱ्या मंडळींचे म्हणणे एवढेच, की भांडण उभ्याने करावे आणि टेबल मोकळे करावे. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी “शंभर रुपयांसाठी शोभा करू नका” असे बजावले आणि मी पूर्ण पैसे दिले.

अहो, गॅसवरची मिसळ गॅसवरची म्हणून विका ना, आम्ही ती आवडीने खातो! माझ्या आजीने ओल्या लाकडांच्या धुराने डोळे चोळत उभे आयुष्य रांधले आणि घरात गॅस आला त्या दिवशी तिने पेढे वाटले. तिच्या त्या धुराचे तुम्ही वाडग्यामागे ५० रुपये लावता, तेही धूर न करता. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे निदान एकदा वाचा. एक तर मागे खरी चूल पेटवा, नाही तर कार्डावरचा शब्द खोडा. आणि दारातली ती चूल आधी आत घ्या. पावसाने तिचा रंग उडाला आहे आणि खालून थर्माकोल दिसतो आहे.