पिच जुळली म्हणजे साखळी जुळली नव्हे

यंत्रांची देखभाल करणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. साखळ्या सगळ्या सारख्याच, पिच, म्हणजे लगतच्या दोन सांध्यांमधले अंतर, जुळली की कोणतीही बसवावी. वापराने त्या ताणल्या जातात. वरून ग्रीस थापले की काम झाले. आणि साखळी घसरत नसल्याने वेग अगदी एकसारखा मिळतो, असे त्यात ठामपणे म्हटले आहे.

पहिला दावा सर्वांत महागात पडणारा आहे. अमेरिकी मानकातील ४० क्रमांकाची आणि ब्रिटिश मानकातील ०८बी ही साखळी, दोन्हींची पिच १२.७ मिमीच, पण पहिलीचा रोलर (सांध्यावर फिरणारी नळी) सुमारे ७.९ मिमी व्यासाचा, तर दुसरीचा ८.५१ मिमी, त्यामुळे एकीच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, दुसरी नीट बसत नाही. फोर्कलिफ्टमधील लीफ चेनला तर रोलर नसतातच. ती नुसत्या पट्ट्या आणि पिनांची, वजन उचलण्यासाठी पुलीवरून जाणारी असते. ती दातांवर चालवायचा प्रश्नच येत नाही.

‘ताणली जाते’ हा समज जुना आहे आणि तो का टिकला हेही कळण्यासारखे आहे, कारण साखळी लांबते हे डोळ्यांना दिसते. मात्र पोलादी पट्ट्या नेहमीच्या भाराखाली कायमच्या ताणल्या जात नाहीत. झिजतात ते सांध्यातील पिन आणि त्यांच्याभोवतीच्या नळ्या, म्हणजे बुश. १२.७ मिमी पिचच्या १०० कड्यांच्या साखळीत प्रत्येक सांध्यात जेमतेम ०.१ मिमी झीज झाली, तरी एकूण लांबी १० मिमीने, म्हणजे सुमारे ०.८ टक्क्याने वाढते. मग रोलर दाताच्या तळाशी न बसता वर सरकू लागतात आणि स्प्रॉकेटही झिजते. अशा स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवणे म्हणजे तिचेही आयुष्य कमी करणे होय.

ग्रीसचे उत्तर यातच आहे. झीज सांध्याच्या आत होते आणि बाहेर थापलेले घट्ट ग्रीस तिथपर्यंत पोहोचत नाही, उलट धूळ धरून ठेवते. तिथे पातळ तेलच झिरपते. सांध्यांवर रबरी कडी बसवलेल्या ओ-रिंग साखळीत ग्रीस कारखान्यातच आत भरून बंद केलेले असते, तो अपवाद.

वेगाबद्दलचा दावा अर्धा खरा आहे: फेऱ्यांचे सरासरी गुणोत्तर अचूक राहते. पण साखळी स्प्रॉकेटला वर्तुळासारखी नव्हे, बहुभुजासारखी वेढते, म्हणून तिचा वेग प्रत्येक दातागणिक कमीजास्त होतो. ११ दातांवर हा चढउतार सुमारे ४ टक्के, १७ वर १.७, तर २५ वर ०.८ टक्के असतो. वेगवान यंत्रांत लहान स्प्रॉकेटला शक्यतो १७ पेक्षा कमी दात ठेवत नाहीत, ते यामुळेच.