साडेपाच

गेल्या रविवारपासून आमच्या सोसायटीत माझं नाव बदललं आहे. बारसं दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या हॉलमध्ये झालं, वीस-बावीस माणसांच्या साक्षीनं. घुगऱ्यांऐवजी छोट्या कागदी पेल्यांतून अल्कलाइन, म्हणजे क्षारधर्मी, पाणी वाटलं गेलं. तेव्हापासून मी 'साडेपाच'. काल लिफ्टमध्ये तिसरीतल्या एका कार्ट्यानं मला "साडेपाच काका" म्हटलं आणि त्याच्या आईनं त्याला दटावायचं सोडून तोंडाला ओढणी लावली.

वहिनींचा निरोप होता, 'संध्याकाळी चहाला या.' गेलो, तर चहाचा पत्ता नाही. टाय लावलेला एक तरुण, टेबलावर पांढरं मशीन आणि आमच्या हातात लिंबाचं सरबत. या सरबतानंच घात केला. तरुणानं विचारलं, "इथे पित्ताचा त्रास कुणाला आहे?" आणि बायकोनं माझा हात वर केला. माझा हात, तिनं. इतक्या उत्साहानं तिनं तो लग्नातसुद्धा धरला नव्हता.

पित्त आहे, नाही म्हणत नाही. मिसळ खाल्ली की रात्री दोनला उठून बसतो. करपट ढेकरा, छातीत जळजळ, मग थंड दूध, आवळासुपारी, उशीवर उशी. पण ते माझं खासगी पित्त आहे. त्याचं हळदीकुंकू करायला मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तरुणानं माझ्या जिभेवर कागदाची एक पट्टी टेकवली. लिंबाच्या रसाचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (जितका कमी तितकं ॲसिड जास्त), दोनच्या आसपास असतो, आणि सरबताचा शेवटचा घोट गिळून मला पुरती दोन मिनिटंही झाली नव्हती. पट्टी पिवळी पडली. ती रंगांच्या तक्त्याशी लावून त्यानं जाहीर केलं, "सर, साडेपाच! बॉडी पूर्ण ॲसिडिक आहे." हॉलभर चुकचुक झाली. एका आजींनी तर माझ्या बायकोच्या पाठीवरून हात फिरवला.

"अहो, मी आत्ता सरबत प्यायलोय," मी म्हणालो.

"सर, सगळे काहीतरी कारण सांगतातच," तो गोड हसला.

इथे तळमजल्यावरचे अण्णा पुढे सरसावले. अण्णा वीज मंडळातून निवृत्त झाले, पण वीज अण्णांतून निवृत्त झालेली नाही. तरुण सांगत होता, "शून्य ते चौदा अशी पट्टी असते. सातच्या खाली ॲसिडिक, वर अल्कलाइन, आणि सात म्हणजे न्यूट्रल."

"न्यूट्रल सात," अण्णांनी मान डोलावली. "मग फेज किती?"

"फेज नसते, सर."

"फेज नसते? मग हे चालतं कशावर?"

"मशीन विजेवर चालतं, पण मी पाण्याबद्दल बोलतोय. सातचं आठ झालं की पाणी दहापट अल्कलाइन. नऊ झालं की शंभरपट."

"आणि तुमचं किती?"

"साडेनऊ. म्हणजे तीनशे पटीच्याही वर."

"तीनशे पट!" अण्णांनी हातातला पेला सावकाश टीपॉयवर ठेवला आणि पाय चपलांत सरकवले. "अर्थिंग घेतलंय ना?"

"सर, हे प्यायचं पाणी आहे."

"प्यायचंच म्हणतोय मी. हे इथे," माझ्याकडे बोट, "साडेपाचवर. तू त्यांना साडेनऊ देणार. एकदम चारचा फरक. माणूस उडेल ना रे बाळा! मध्ये स्टॅबिलायझर नको?"

गंमत म्हणजे त्या संध्याकाळी हॉलमध्ये विचारला गेलेला सगळ्यात शहाणा प्रश्न हाच होता, कारण स्टॅबिलायझर असतो. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दिवसरात्र तेच काम करतात, रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्टीत धरून ठेवण्याचं. माझं शरीर खरंच साडेपाच असतं, तर मी वहिनींच्या सोफ्यावर नसतो, भिंतीवरच्या हारातल्या फोटोत असतो. आणि हे साडेनऊचं पाणी पोटात जाऊन पडणार कशात? हायड्रोक्लोरिक ॲसिडात. उपाशीपोटी तिथला पीएच दीड ते साडेतीन. तिथे या पेल्याची अवस्था महापुरात टिपकागद घेऊन उतरल्यासारखी. पण हे सगळं मला सुचलं रात्री दोनला, ढेकर देताना. हॉलमध्ये मी नुसता "पण... पण..." करत होतो.

मग रंगांचा खेळ सुरू झाला. नळाच्या पाण्यात थेंब टाकले, हिरवं. बाटलीबंद पाण्यात टाकले, पिवळं. मशीनच्या पाण्यात टाकले, जांभळं! टाळ्या. आता रंग बदलला म्हणून टाळ्या वाजवायच्या तर माझी आजी रोज जादूगार होती. शर्टावर वरणाचा पिवळा डाग, त्याला साबण लावला की लाल. हळद क्षारात लाल होते, म्हणून तर हळदीला चुना लावून कुंकू करत. त्यासाठी तिनं कधी सोसायटी गोळा केली नाही की कुणाच्या जिभेला कागद लावला नाही.

एवढ्यात अण्णांच्या नातवानं, चिंट्यानं, सरबताची स्ट्रॉ त्या जांभळ्या ग्लासात घातली आणि बुडबुडे काढायला सुरुवात केली. कुणाचं लक्ष नव्हतं. मिनिटाभरात जांभळ्याचं निळं, निळ्याचं हिरवं आणि हळूहळू चक्क पिवळट झालं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक ॲसिड होतं, एवढंच. एका पोरानं फुंकर मारली आणि लाखाच्या मशीनची कमाई उडाली. मला वाटलं, आता हा पकडला गेला.

तरुणानं ग्लास पाहिला, चिंट्याकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बघा. लहान मुलांचीसुद्धा बॉडी ॲसिडिक झालीय."

पुन्हा चुकचुक. अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "फॉल्ट याच्यात दिसतोय," आणि चिंट्याला पंख्याखाली नेऊन बसवलं.

किंमत शेवटी सांगितली. एक लाख ऐंशी हजार, हप्त्यानं मिळेल. पीएच ही कल्पना १९०९ मध्ये सोरेन्सेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं काढली, कोपनहेगनला कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत. बिअरवाल्यांच्या पैशांवर निघालेल्या आकड्यानं माझ्यासारख्या निर्व्यसनी माणसाची अब्रू घ्यावी, हे विधिलिखित. मी हे बोलणार होतो, पण बायकोनं "निर्व्यसनी" या शब्दावर सोसायटीसमोर काहीतरी विचारलं असतं. आणि क्षार एवढे गुणकारी असतील तर लोणारला जा ना. बुलढाणा जिल्ह्यात अख्खं सरोवर भरलंय, पीएच दहाच्या आसपास, फुकट. २०२० च्या जूनमध्ये तर त्यानं गुलाबी होऊनही दाखवलं. तेव्हा कुणी तिथे पेले घेऊन रांग लावल्याचं ऐकलं नाही.

मला खरा राग कशाचा आला, सांगतो. आमच्या सोसायटीत नळाला दिवसाआड पाऊण तास पाणी येतं. बाकी टँकर. तो कुठल्या विहिरीवर भरतो, कुणाला माहीत नाही. गेल्या उन्हाळ्यात बादलीच्या तळाशी बोटभर माती बसत होती. ते पाणी तपासून घेऊ या, असं मी सभेत म्हणालो तेव्हा खर्च निघाला म्हणून माझ्यावरच सगळे डाफरले. प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएच ६.५ ते ८.५ बसतो. आमच्या टँकरचा तेवढा असेलही, पण मला त्याच्यात जंतू किती ते हवं होतं, आणि ते पट्टीवर दिसत नाहीत. तपासणीला पैसे नाहीत. जांभळ्या रंगाला आहेत. तीन घरांनी त्याच संध्याकाळी आगाऊ रक्कम भरली. त्यात त्या आजी होत्या, एफडी मोडून. वहिनींना प्रत्येक मशीनमागे काय मिळालं ते मी विचारलं नाही, पण चहाचं निमंत्रण अजून बाकी आहे, एवढं त्यांच्या लक्षात राहावं.

अण्णांच्या घरीही आलं. सूनबाईंनी हप्त्यावर घेतलं, आणि अण्णांनी स्वतः वायरमन बोलावून त्याला वेगळं अर्थिंग करून घेतलं.

आज सकाळी टँकर आलाच नाही. साडेसातला दारावरची बेल वाजली. दारात अण्णा, हातात रिकामी कळशी.

"साडेपाच," ते म्हणाले, "पाणी असलं तर द्या हो थोडं. मशीन कोरडं पडलंय, केव्हाचं नुसतं टूं टूं करतंय."