कोल्ड्रिंकने रेघ उमटते, पण म्हणून किट खोटं ठरत नाही

तापाचे पेशंट वाढले की तो जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा : ‘कोरोनाच्या किटवर कोल्ड्रिंकचे दोन थेंब टाका, पॉझिटिव्ह येतं. म्हणजे सगळ्या कार्ड टेस्ट बनावट. लाल रेघ नुसती शाई असते. वर त्यात नॅनो कण असतात, ते काडीवाटे नाकातून शरीरात सोडतात. कार्डवर निगेटिव्ह आलेला माणूस आरटीपीसीआरमध्ये पॉझिटिव्ह निघतो. डेंग्यूचं कार्डही तसलंच, पैसे घालवू नका.’

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. परवा एका काकूंनी काउंटरवरच हा मेसेज मला वाचून दाखवला आणि मुलाची डेंग्यूची तपासणी न करताच त्या निघून गेल्या. म्हणून हे लिहितेय.

कोल्ड्रिंकपासून सुरुवात करते, कारण त्यात खरं काहीतरी आहे. रेघ उमटते. डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रियाच्या संसदेत मिखाएल श्नेडलिट्झ या खासदाराने हे सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं. पण त्यात एक पायरी गाळलेली असते. किटच्या डबीत एक छोटी नळी येते, तिच्यातलं द्रावण म्हणजे बफर. नाकातली काडी आधी त्यात घोळवायची आणि मग थेंब कार्डवर टाकायचे. हे द्रावण म्हणजे साधं पाणी नाही. कार्डातल्या पट्टीवर विषाणूला धरणाऱ्या अँटिबॉडी असतात, ती प्रथिनंच आहेत, आणि दुधात लिंबू पिळलं की प्रथिनांचं काय होतं ते आपण रोज स्वयंपाकघरात बघतो. कोल्ड्रिंकचा सामू (पीएच) साधारण २.५, म्हणजे चांगलंच आंबट. त्यात अँटिबॉडीचा आकार बिघडतो आणि विषाणू नसतानाही त्या एकमेकींना चिकटतात. बफर नेमका हा आंबटपणा आवरून धरतो.

इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातले रसायनतज्ज्ञ मार्क लॉर्च यांनी २०२१ मध्ये हे तपासून पाहिलं. कोला टाकून खोटी रेघ आलेली पट्टी त्यांनी नंतर बफरने धुतली, तर ती रेघ नाहीशी झाली. कोला आधी बफरमध्ये मिसळून टाकला, तेव्हा टेस्ट निगेटिव्ह आली. मेसेज लिहिणाऱ्याने हा अर्धा भाग सांगितलाच नाही. माझ्या मते सगळी दिशाभूल इथेच आहे.

आता ‘शाई’. मुदत संपलेलं एक कार्ड मी काल नखाने उचकटून पाहिलं. आत काडेपेटीच्या काडीपेक्षा थोडी रुंद पांढरी पट्टी, आणि थेंब टाकायच्या खळग्याजवळ जांभळट-लाल रंगाचा एक चिमुकला तुकडा. तो रंग सोन्याचा आहे. खरं सोनं, फक्त त्याचे कण साधारण ४० नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत असे दोन हजार कण ओळीने मावतील. सोनं इतकं बारीक झालं की हिरवट प्रकाश शोषून घेतं आणि लालभडक दिसतं. मायकल फॅरेडेने १८५७ मध्ये असं लाल सोनं बनवून त्याच्यावर सविस्तर लिहिलं होतं. त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत.

या प्रत्येक कणावर अँटिबॉडी बसवलेल्या असतात. थेंब पट्टीवरून पुढे सरकतो, तसे कण त्याच्याबरोबर वाहतात आणि वाटेत विषाणूचं प्रथिन भेटलं तर त्याला धरतात. कार्डवर ‘टी’ (टेस्ट) लिहिलेल्या जागी आधीच चिकटवून ठेवलेल्या दुसऱ्या अँटिबॉडी त्या प्रथिनाला दुसऱ्या बाजूने पकडतात आणि कण तिथेच अडकतात. हजारो-लाखो कण एका जागी साचले की डोळ्यांना रेघ दिसते. ‘सी’ची (कंट्रोलची) रेघ विषाणूला ओळखत नाही, ती फक्त कण तिथवर पोचले एवढं सांगते. म्हणून ‘सी’ आली नाही तर ते कार्ड बाद.

कण शरीरात जाण्याचा प्रश्नच येत नाही. सोनं कार्डात, काडी नाकात, आणि नाकात जाऊन आलेली काडी फक्त नळीत बुडते. कार्ड माणसाला शिवतसुद्धा नाही.

निगेटिव्हबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे, आणि ती मी झाकणार नाही. १४ जून २०२० रोजी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पहिल्या अँटिजेन किटला, म्हणजे अशाच कार्डला, मान्यता दिली, तेव्हाच आकडे जाहीर केले होते : बाधा नसलेल्याला निगेटिव्ह दाखवण्यात अचूकता ९९.३ ते १०० टक्के, पण बाधा असलेल्याला पकडण्यात ५०.६ ते ८४ टक्के. त्याच सूचनेत लिहिलं होतं की लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर आरटीपीसीआर करा. फरक पडतो तो असा : आरटीपीसीआर प्रत्येक फेरीत विषाणूचं जनुकीय द्रव्य दुप्पट करतं, ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त. पट्टी काहीच वाढवत नाही, जे आहे तेवढंच दाखवते. प्रथिन कमी असेल तर रेघ पडायला लागतात तितके कण जमतच नाहीत. म्हणजे पॉझिटिव्हवर बराच भरवसा ठेवायचा, निगेटिव्हवर कमी. हे किटच्या माहितीपत्रकातही असतं, पण ते कोणी उलगडत नाही.

आणि डेंग्यू. एनएस१ हे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात सापडतं. बाजारातली बरीचशी कार्डं ते याच सोन्याच्या कणांनी पकडतात. पुढे ते ओसरतं, मग आयजीएम ही शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी बघावी लागते. सरकारी यंत्रणा कार्डवरच्या निकालाला पक्कं निदान मानत नाही, एलायझा या प्रयोगशाळेतल्या तपासणीने खात्री करते. त्यासाठी लागणारं आयजीएमचं किट आपल्या पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था बनवते. तरीही तिसऱ्या दिवशी रेघ दिसली, तर डॉक्टर त्याच दिवसापासून प्लेटलेट आणि लघवीचं प्रमाण यांवर लक्ष ठेवतात.

काकूंच्या मुलाचा परवा तापाचा तिसरा दिवस होता. आज पाचवा. सकाळी मी त्यांना फोन करून नळीतल्या बफरचं सगळं सांगितलं. संध्याकाळी सातच्या आत घेऊन येते म्हणाल्या. मी थांबणार आहे.