पोळ्याचा जुगार आणि मोबाइलवरचे पत्ते

पोळ्याला जुगार खेळायचाच, हा आमच्या विदर्भातला अलिखित रिवाज. बैल पुजले, पुरणपोळी पोटात गेली की फड बसतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात धाडींच्या बातम्या येतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तीही २२ ऑगस्ट २०२५ला, म्हणजे ऐन पोळ्याच्या दिवशी!

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाच्या ग्रुपवर सध्या जुंपली आहे ती यावरूनच. गावातल्या पोट्ट्यांना मंडळातर्फे ‘शॅडोव्हर्स वर्ल्ड्स बियाँड’ या नव्या मोबाइल कार्ड गेमची स्पर्धा घ्यायची आहे. जुनी मंडळी म्हणतात, पत्ते ते पत्तेच, आज मोबाइलवर, उद्या वावर गहाण. पोट्टे म्हणतात, हा ईस्पोर्ट आहे, म्हणजे मोबाइल-संगणकावर स्पर्धा म्हणून खेळायचा खेळ, यात करिअर आहे. हा खेळ जून २०२५ मध्ये जपानी कंपनीनं आणला आणि मी जपानात राहतो, म्हणून दोन्हीकडून माझीच साक्ष काढतात.

आधी कायद्याचं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये म्हटलं होतं आणि रमीची ॲप्स वर्षानुवर्षं त्याच आधारावर चालली. नव्या कायद्यानं तो आधारच काढून घेतला. पैसे लावले की कौशल्य असो वा नशीब, बंदी. ईस्पोर्ट्सना मात्र त्यानं वेगळं काढून मान्यता दिली आहे. तिथं प्रवेश फी आणि बक्षीस चालतं, पैज चालत नाही. (त्याच्या महिनाभर आधी राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री सभागृहात मोबाइलवर रमी खेळत होते असा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. मग त्यांचं कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. कास्तकारांनी यावर काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही.)

म्हणजे जुन्या मंडळींची पहिली भीती कायद्यापुरती तरी मिटली. खेळ म्हणून बघाल तर आपल्या भागाला शॅडोव्हर्स बंदुकीच्या गेमपेक्षा जास्त मानवेल. गोळीबारात फोन अर्धा सेकंद अडला की मेलात. इथं एकानं डाव खेळायचा, दुसऱ्यानं थांबायचं. संध्याकाळी टॉवर धापा टाकत असला तरी विचार करून जिंकता येतं. चाळीस कार्डांचा संच आधीच घरी बसून बांधायचा असतो, तिथंच निम्मी लढाई होते. मग नशिबाचं काय? ते आहेच, पान कुठलं येईल ते कुणाच्या हातात नाही. म्हणून शॅडोव्हर्सच्या मोठ्या स्पर्धांमध्ये दोन वेगवेगळ्या वर्गांचे (म्हणजे खेळातल्या कार्डांच्या गटांचे) संच आणायला लावतात आणि दोन्हींनी एकेकदा जिंकल्याशिवाय सामना मिळत नाही.

करिअरवाल्या पोट्ट्यांनी मात्र जरा दमानं घ्यावं. कच्छमधल्या भुजच्या तीर्थ मेहतानं २०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत हार्थस्टोन या कार्ड गेममध्ये कांस्य जिंकलं. भुज काही मुंबई नाही, हे मला फार आवडतं. पण ते प्रदर्शनीय पदक होतं, तक्त्यात धरलं गेलं नाही. पुढच्या हांगझोऊच्या स्पर्धेत हार्थस्टोन पदकाचा खेळ म्हणून ठरला होता. पण तो बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा चिनी भागीदाराशी करार संपला आणि तो यादीतून गळाला. कबड्डी अशी कुणाच्या करारानं बंद पडत नाही. वाल्व्ह कंपनीचा आर्टिफॅक्ट हा कार्ड गेम दहा लाख डॉलरच्या स्पर्धेची घोषणा घेऊन २०१८ मध्ये आला, काही महिन्यांत ओस पडला आणि २०२१ मध्ये त्याचं काम थांबवलं.

जपानातही बक्षिसाचा घोळ होताच. खेळाडूंच्या फीतून बक्षीस काढलं तर इथं तो जुगार ठरतो. कंपनीनं स्वतःच्या खेळासाठी दिलेल्या बक्षिसावरही एक लाख येनची मर्यादा आडवी यायची. २०१८ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना परवाने देऊन त्यातून वाट काढली आणि त्याच वर्षी शॅडोव्हर्सच्या विजेत्याला दहा लाख डॉलर मिळाले. तरी इथं कार्डांचा नाद टिकला तो या रकमेनं नाही. कार्डांच्या दुकानात मागे चार टेबलं असतात. तिथं शाळकरी पोरं आणि टाय सैल केलेले नोकरदार समोरासमोर बसतात आणि जिंकणाऱ्याला कार्डांची पाकिटं मिळतात.

खरी अडचण त्या पाकिटांचीच आहे आणि तिच्यावर ग्रुपवर कुणी बोलत नाही. मोबाइलवर पैसे देऊन पाकीट फोडायचं, आत काय निघेल ते नशीब. जुन्या मंडळींचा संशय इथं बरोबर आहे. हा नवा खेळ आला तेव्हा नको असलेली कार्डं मोडून हवी ती बनवणं अवघड केलंय, अशी खेळाडूंनीच बोंब मारली होती. त्यावर तोड आहे. या खेळातल्याच ‘टू पिक’ प्रकारात समोर येणाऱ्या जोड्यांतून जागच्या जागी संच बांधायचा असतो, पैसे ओतून जमवलेल्या कार्डांचा तिथं उपयोग नाही. सावकाराचं पोरगं आणि मजुराचं पोरगं एकाच रेषेवर.

तर राजेहो, स्पर्धा घ्या. टू पिकचीच घ्या, फी नको, बक्षीस मंडळाच्या वर्गणीतून द्या. आणि कार्डांवरचा मजकूर मराठीत नाही, तेव्हा आधी दोन रविवार समाजमंदिरात बसून इंग्रजी कळणाऱ्या पोरींनी तो बाकीच्यांना समजावावा. त्यांची नावं स्पर्धेच्या यादीतही घाला, तुम्ही पाठवलेल्या यादीत एकही पोरगी नाही.