गुंतवळ

माझ्या वेणीचा खालचा सव्वा फूट माहेरचा आहे. हे मी हळवी होऊन नाही, हिशेबानं सांगते. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. लग्नाला 4 वर्षं झाली, म्हणजे डोक्यापासूनचे पहिले 48 सेंटिमीटर सासरी उगवले. त्याखाली कमरेपर्यंत जे लोंबतं, ते भंडारा जिल्ह्यातलं, तळ्याच्या गोड्या पाण्यावर पोसलेलं.

वरचं सगळं दर्यापूर तालुक्यातलं. आणि दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. माझ्या लग्नात वडिलांनी मुलाचं वावर पाहिलं, घर पाहिलं, मुलगाही पाहिला. बोअरचं पाणी तेवढं कुणी चाखून पाहिलं नाही. या पाण्यात साबण झिजतो, पण फेस देत नाही. बादलीच्या आत पांढरी पुटं चढतात. न्हाऊन केस वाळवले की त्यांना हात लावल्यावर कडब्याच्या पेंडीसारखा आवाज येतो.

तरी दिवसाचं मी निभावते. उन्हात निघताना तोंडा-डोक्याला स्कार्फ, रविवारी खोबरेल, गुंता सोडवताना खालून वर जायचं हे शहाणपण. पण रात्री नीट विंचरून झोपावं आणि सकाळी उठून पाहावं, तर डोक्यावर घरटं. तेही सुगरणीचं नाही, कावळ्याचं.

रात्रीत असं काय होतं, म्हणून मी मोबाईलवर बरंच वाचन केलं. हाती आलं ते असं : केसावर खवले असतात, घरावरच्या कवेलूंसारखे एकावर एक बसलेले, टोकाकडे उतरते. ते नीट बसलेले असले की केस मऊ लागतो, चमकतो. आता कवेलूंवर रात्रभर वांदरं नाचली तर सकाळी काय उरेल? झोपेत आपण कूस बदलतो आणि केस उशीच्या अभ्र्यावर घासत राहतात, तेच हे वांदरांचं नाचणं. त्यात केसाचं टोक म्हणजे केसाचा सगळ्यात म्हातारा भाग. डोक्यातून सुटणारं तेल तिथवर पोचतच नाही, कालव्याचं पाणी टेलच्या शेतकऱ्याला पोचत नाही तसं. म्हणजे मार पडतो तो नेमका माझ्या माहेरच्या सव्वा फुटाला.

आणि हा मार देणारा कोण? कापूस. सुती अभ्रा केस घासतो तर घासतोच, वरून आपण लावलेलं तेलही पिऊन घेतो.

ही गोष्ट मी पऱ्हाटी पिकवणाऱ्या घरात, सासूबाईंसमोर, संध्याकाळच्या चहाला बोलले. अनुभव नसला की माणूस असं करतो.

"कापसानं केस तुटतात?" सासूबाईंनी बशी खाली ठेवली. त्या 'ळ'चा 'य' करतात, डाळीला डाय आणि कपाळाला कपाय म्हणतात, पण राग आला की एकही अक्षर वाया घालवत नाहीत. "आपल्या वावरातला कापूस हाये तो. त्याच्यावर तुह्या नवऱ्याचं शिक्षण झालं. त्याच्यावर तुह्यं लगन झालं. अन् तुले तो डोक्याखाली चालत नाई?"

नवरा तेवढ्यात बैलांना पाणी दाखवायला गेला. बैलांनी अर्ध्या तासापूर्वीच पाणी प्यालं होतं.

उशीबद्दल सांगायला हवं. आत घरचा कापूस, पिंजून भरलेला, मधूनच एखादी सरकी कानाला टोचणारी. वर मांजरपाटाचा अभ्रा, सासूबाईंच्या हातच्या भरतकामाचा : दोन गुलाब, एक पोपट आणि लाल दोऱ्यात 'गुड नाईट'. भाताची पेज घालून असा कडक केलेला, की उशी भिंतीला टेकवून उभी राहते. सकाळी माझ्या गालावर 'गुड नाईट' उलटं उमटलेलं असायचं. त्या पोपटाच्या चोचीत रोज माझे दोन-तीन केस.

आधी मी टोपी करून पाहिली. नागपूरच्या मावसबहिणीनं साटीनची झोपायची टोपी पाठवली होती, भोवती इलॅस्टिक. डोक्यावर चढवली तेव्हा नवऱ्यानं एवढंच विचारलं, "पाऊस येणार हाये काय?" एप्रिल महिना होता, पारा 43 वर. त्या टोपीत डोकं भाजणीच्या वांग्यासारखं झालं. मध्यरात्री कधी तरी मी ती झोपेतच भिरकावली असावी. सकाळी बकरी निवांत चघळत उभी होती आणि तिच्या तोंडाबाहेर इलॅस्टिक लोंबत होतं. ओढलं की लांब व्हायचं, सोडलं की परत आत. टोपीचा विषय तिथं संपला.

मग अभ्राच बदलायचं ठरवलं. रेशमाचा सगळ्यात चांगला म्हणतात. रेशीम घरात होतं : माहेरहून मिळालेली कोशाची साडी. आमच्या भंडाऱ्याकडे कोसा विणतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या अळ्यांचा तो धागा, थोडा जाडाभरडा, गाठीगाठीचा. शहतुतीच्या रेशमासारखा तो बुळबुळीत नसतो. त्यामुळे साडी फाडायची नाही असं माझ्या मनानं ठरवलं. (खरं कारण गाठी नव्हत्या. आईला काय सांगितलं असतं?)

राहिलं साटीन. साटीन हे धाग्याचं नाव नाही, विणीचं आहे. त्यामुळे ते पॉलिस्टरचंही निघतं, आणि तसलं बाजारच्या दिवशी दर्यापुरात मीटरवर मिळतं. दुकानदारानं विचारलं, "महालक्ष्म्यांचे परकर शिवता काय, आतापासूनच?" मी हो म्हटलं. उशीला हवंय म्हटलं असतं तर बातमी माझ्याआधी गावात पोचली असती. रंग दोनच उरले होते, भगवा आणि रानी. भगवी उशी घेऊन झोपणं मला बरं वाटेना.

पहिल्या रात्री अंगणात बाजा टाकल्या. सैल एकपेडी वेणी घातली, टोकाला रबराऐवजी सुती चिंधी. केस पुरते कोरडे आहेत ना ते चाचपलं, कारण ओला केस रबरासारखा ताणतो आणि तुटतो. आणि त्या रानी उशीवर डोकं टेकवलं. काय सुख! डोकं वळवलं की केस नुसते घरंगळत येत होते.

केसांबरोबर उशीही घरंगळली. साटीन सगळ्यांशीच गुळगुळीत वागतं, यात बाजेची सुतळीही आली. पहाटे उशी खाली कुत्र्याच्या अंगावर, कुत्रं तिच्यावर खुशाल झोपलेलं, आणि माझी वेणी सुतळीच्या भोकातून खाली उतरून गाठ बसलेली. उठायला गेले तर डोकं बाजेनं धरून ठेवलेलं. ओरडले. सासूबाई कंदील घेऊन आल्या, खाली वाकल्या, बराच वेळ वाकून राहिल्या. हसत होत्या, हे मला बाजेच्या हलण्यावरून कळलं.

त्यानंतर मी उशी परकराच्या नाडीनं बाजेला बांधायला लागले आणि वेणी छातीवर पुढं घेऊन झोपायला लागले. खरं सांगते, फरक पडला. महिन्याभरात फणीत येणारा बुचका निम्म्यावर आला. टोकांना फाटे फुटणं अगदी थांबलं नाही, पण घरातल्या बोलण्याला जेवढे फुटतात त्याहून कमीच.

इथं मला वाटलं, सगळे खूश.

आमच्या ओसरीच्या भिंतीत एक फट आहे. विंचरून झालं की गुंतवळ बोटाला गुंडाळून त्या फटीत कोंबायचं, हा घरचा नियम. दोन-तीन महिन्यांनी सायकलवर केसवाला येतो, केस तोलतो आणि बदल्यात भांडं देतो. घरातलं अर्धं स्टील असं डोक्यावरून उतरलेलं आहे. या वेळी सासूबाईंच्या मनात झाकणाचं पातेलं होतं. मागच्या खेपेला त्यांनी ते हातात घेऊन, वाजवून, परत ठेवलं होतं.

मे महिन्यात केसवाला आला. सासूबाईंनी फट मोकळी केली, केस फडक्यात बांधून त्याच्यापुढे ठेवले. त्यानं तराजू धरला आणि हसला.

"माय, या बारी सूनबाई माहेरी होती काय?"

पातेलं सायकललाच टांगलेलं राहिलं. सासूबाईंना एक गाळणी मिळाली, चहाची. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या वेणीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. बोलल्या काही नाहीत.

रात्री अंगणात आले, तर माझ्या बाजेवर मांजरपाटाचा अभ्रा. ताजी पेज, दोन गुलाब, पोपट.

"आई, माझा रानी अभ्रा?"

"धुतला म्या दुपारी," सासूबाई कूस बदलत म्हणाल्या. त्या दिवशी पारा 45 वर होता. दोरीच्या या टोकाला कपडे घालत दुसऱ्या टोकाला जावं, तोवर पहिले वाळलेले. "वायला नाई वं अजून."